रहस्यकथांचे गठ्ठे : जपणुकीच्या नोंदी

१२ मे २०२४

कराडकडच्या एका बंद पडलेल्या सर्क्युलेटिंग लायब्ररीचा माल आज घरी आला. पोती आणि खोकी मिळून हॉलचा एक कोपरा भरलाय. वरवर चाळलं तर सगळ्यात जास्त बाबूराव अर्नाळकर, त्यांचे नायक झुंजार, काळापहाड, धनंजय सगळेच आहेत. मग गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकरांची सुरुवातीची पॉकेटबुकं, नवल मासिकाचे सुटे अंक, थोडे हंस-मोहिनी, जुने दिवाळी अंक, आणि एक पोतं असं की ज्यात एकाही पुस्तकाला कव्हर नाही. लायब्ररीवाल्या काकांनी पैसे घ्यायला साफ नकार दिला, म्हणाले रद्दीवाला किलोवर मागत होता, त्यापेक्षा तू ने बाई, पण पावसाच्या आत ने.

आधीच एक ठरवून लिहून ठेवते म्हणजे पुढे हात शिवशिवले तरी ही नोंद समोर राहील. ही पुस्तकं "नवीनसारखी" करायची नाहीत. संग्राहकांना साधारण कोरी कॉपी हवी असते, शिक्का नको, नाव नको, कव्हर चकचकीत हवं. पण रहस्यकथा विकत घेऊन कपाटात ठेवणारे लोक थोडे होते, बहुतेकांनी त्या भाड्याने आणून एका रात्रीत वाचल्या आणि सकाळी परत केल्या. म्हणजे त्या पुस्तकावरचा जांभळा शिक्का, मागची तारखांची चिठ्ठी, पेन्सिलनं लिहिलेला सभासद नंबर, हाच त्या वाचण्याचा शिल्लक राहिलेला पुरावा आहे. तो पुसला की हातात नुसती गोष्ट उरते, आणि गोष्ट तर पुनर्मुद्रणातही मिळते.

१४ मे

सगळं क्वारंटाइन. घरातल्या बाकीच्या पुस्तकांच्या जवळपाससुद्धा न्यायचं नाही. वाळवीची माती एका पोत्यात दिसली, जिवंत वाळवी नाही, पण कसर आहे आणि पानांत आरपार गोल भोकं पाडणाऱ्या भुंगेऱ्याचा ताजा भुसा पडतोय. ताजा भुसा म्हणजे आत अळी अजून खातेय.

पद्धत अशी: गठ्ठ्याचे छोटे भाग करायचे, प्रत्येक जाड झिपबॅगमध्ये, हवा शक्य तितकी काढून, बॅग टेपनं बंद, आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८ ते २० अंशावर दोन आठवडे. ओळखीतल्या एकांकडे दुकानाचा डीप फ्रीझर रिकामा पडून होता तो मिळाला. बाहेर काढल्यावर बॅग लगेच उघडायची नाही, पूर्ण दिवसभर तशीच ठेवायची, नाहीतर थंड कागदावर हवेतलं पाणी जमतं आणि किड्यापेक्षा जास्त नुकसान तेच करतं.

डांबरगोळ्या नाहीत. आईचा आग्रह आहे, तिच्या लहानपणी प्रत्येक कपाटात असायच्या, पण त्या वासानं आतली अळी मरत नाही आणि घरातल्या माणसांना मात्र त्रास होतो. वेखंडाची पुरचुंडी ठेवायला माझी हरकत नाही, पोथ्यांच्या बासनात पिढ्यान्‌पिढ्या ठेवतात, फक्त कागदाला थेट टेकायला नको.

२ जून

पहिली बॅच फ्रीझरमधून निघाली. मऊ ब्रशनं गॅलरीत साफसफाई, एन-९५ मास्क लावून, कारण बुरशीची पूड नाकात जाणं चांगलं नाही. ब्रश कण्याकडून बाहेरच्या कडेकडे, उलटा नाही.

कागदाची अवस्था बघून घेतली. साठच्या दशकातल्या न्यूजप्रिंटवरच्या अंकांचे कोपरे घडीला टिकत नाहीत, एकदा हलकं दुमडलं की पापडासारखा तुकडा पडतो. ही परीक्षा प्रत्येक पुस्तकावर करायची नाही, आधीच सुटून पडलेल्या तुकड्यावर करायची. पीएच पेनचा ठिपकाही अशाच तुकड्यावर दिला, पिवळाच राहिला, म्हणजे आम्ल भरपूर.

हे का होतं ते लोकांना सांगावं लागतं कारण सगळ्यांना वाटतं "जुनं झालं म्हणून". तसं नाही. दोनशे वर्षांपूर्वीची हातकागदावरची मोडी कागदपत्रं आजही लवचिक आहेत. या पुस्तकांचा कागद लाकूड नुसतं दळून केलेला, त्यातलं लिग्निन (लाकडातले तंतू एकमेकांना धरून ठेवणारं द्रव्य) काढलेलंच नसतं, ते उजेड आणि हवा लागून पिवळं-तपकिरी होतं. त्यात बऱ्याच कागदांना तुरटी आणि राळेचं सायझिंग (शाई पसरू नये म्हणून दिलेली खळ), तुरटीमुळे हवेतल्या ओलाव्याबरोबर आम्ल तयार होतं आणि ते सेल्युलोजच्या साखळ्या तोडत जातं. साखळ्या लहान झाल्या की कागद ठिसूळ. अमेरिकेतल्या पल्प मासिकांना नेमका हाच आजार आहे, प्रकाशक फ्रँक मन्सीनं १८९६ मध्ये अर्गोसी हे मासिक अशा स्वस्त कागदावर छापायला घेतलं तेव्हापासून तिथले संग्राहक याच्याशी झगडतायत. आपल्याकडे वर मुंबई-कोकणची दमट हवा.

आपल्या कागदाची वेगळी गोष्टही आहे. महायुद्धात कागदाचं रेशनिंग, नंतर न्यूजप्रिंट बराचसा परदेशातून, मध्य प्रदेशातल्या नेपानगरची गिरणी १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केली, तिथे सलई आणि बांबूपासून न्यूजप्रिंट करायचे. माझ्याकडच्या एकेका पुस्तकात चक्क दोन जातींचा कागद आहे, पहिले फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेली पानं) पांढरट आणि शेवटचे दोन करडे. छापखान्यात जो कागद हाताशी होता तो वापरलेला दिसतो. कॅटलॉगच्या शीटमध्ये यासाठी वेगळा कॉलम केला.

९ जून

आज पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर. रविवार म्हणून गर्दी भरपूर. नवलचे दोन अंक मिळाले, एकाला मलपृष्ठ नाही पण आतल्या जाहिराती पूर्ण आहेत, म्हणून घेतला.

नवलबद्दल थोडं, कारण नव्या मुलांना हे नाव माहीत नसतं. अनंत अंतरकरांनी १९४६ ला हंस सुरू केलं, मग मोहिनी आणि नवल. तिन्हींचा स्वभाव वेगळा, हंस वाङ्मयीन, मोहिनी विनोदाकडे झुकणारं, आणि नवलमध्ये गूढ, भय, साहस, अद्भुत. एकच संपादक गंभीर साहित्य आणि भयकथा या दोन्हींवर तितकीच मेहनत घेतो ही मला फार मोठी गोष्ट वाटते. आपल्याकडे रहस्यकथेला "टाइमपास" म्हणून बाजूला सारायची सवय आहे आणि त्याचाच परिणाम असा की कवितासंग्रह बांधून ठेवले गेले आणि रहस्यकथा रद्दीत गेल्या. अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, त्यांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, इतकं लिहिलेला माणूस १९९६ ला गेला आणि त्याच्या सगळ्या पुस्तकांची तारखांसकट पक्की यादी अजून माझ्या हाताला लागलेली नाही. मराठी माणसाला वाचनाची सवय कुणी लावली हे शोधायचं तर या गठ्ठ्यांतूनच जावं लागेल.

२३ जून

तारखा लावायचं काम. यातल्या बऱ्याच पुस्तकांवर साल छापलेलंच नाही, किंवा ज्या पानावर होतं ते पान गेलंय. पण पुस्तक स्वतःहून बरंच सांगतं, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकल्पात मला सगळ्यात जास्त मजा याच कामात येतेय.

सगळ्यात भरवशाचा पुरावा किंमत. आण्यात किंमत असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, कारण त्या दिवसापासून दशमान नाणी आली. "न. पै." (नवे पैसे) असेल तर १९५७ ते १९६४ च्या मधलं, १ जून १९६४ पासून "नवे" गेलं आणि नुसता पैसा राहिला. अर्थात दोन्ही बाजूला थोडी सवलत धरायची, कारण आणे आणि नवे पैसे काही काळ बरोबरच चालत होते आणि छापून पडलेली कव्हरं कुणी फेकून देत नाही. आज एक फार छान पुस्तक हाती आलं, छापील किंमत सहा आणे, त्यावर रबरी शिक्का "३७ न. पै.". सहा आणे म्हणजे हिशेबाने साडेसदतीस नवे पैसे, तक्त्यात सदतीस. म्हणजे पुस्तक छापलं ५७ च्या आधी आणि विकलं गेलं ५७ नंतर, दुकानात शिल्लक पडून होतं. हा शिक्का घाण म्हणून कुणी खोडला असता तर हे कळलंच नसतं.

दुसरा पुरावा पत्ता. "मुंबई ४" असेल तर जुनं, "मुंबई ४०० ००४" असेल तर नंतरचं, पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. एखाद्या छापखान्यानं जुना ब्लॉक तसाच वापरलेला असू शकतो, म्हणून पिन नसणं हा पुरावा कच्चा, पिन असणं हा पक्का.

तिसरा शुद्धलेखन. "नाहीं, कांहीं, होतीं" असे अनुस्वार भरभरून असतील तर साधारण १९६२ च्या नियमांच्या आधीचं वळण. पण हा मी सगळ्यात कमी धरते, जुने जुळारी (शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे कामगार) आपल्या हाताच्या सवयीनं खिळे लावत राहिले असणार.

चौथा, मुद्रक-प्रकाशकाची ओळ. १८६७ च्या कायद्यानं प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव आणि ठिकाण छापणं बंधनकारक होतं, त्यामुळे कितीही स्वस्त पुस्तक असलं तरी शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात ही ओळ सापडते. बाइंडरनं कडा कापताना नेमकी तीच उडवलेली असली की फार वाईट वाटतं. आणि पाचवा पुरावा लायब्ररीचा दाखल नंबर आणि तारीख, म्हणजे पुन्हा तोच शिक्का.

शीटमध्ये "साल" हा एक कॉलम न ठेवता "याच्या आधी नाही" आणि "याच्या नंतर नाही" असे दोन केले. अंदाजानं एकच आकडा टाकला की पुढचा माणूस तो खरा धरून चालतो.

७ जुलै

पाऊस जोरात. खोलीत आर्द्रता ८० च्या वर. कागदाला ४५ ते ५५ च्या आसपास बरं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती सारखी वर-खाली व्हायला नको. पूर्ण खोली कोरडी ठेवणं परवडत नाही, म्हणून घट्ट झाकणाचे डबे, त्यात केशरी इंडिकेटरवाली सिलिका जेल, आणि प्रत्येक डब्यात छोटा हायग्रोमीटर. डब्यात काटा ५५ ला थांबलाय. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशावर तापवून परत. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीपासून सरकवून आतल्या भिंतीला लावलं, खालचा कप्पा रिकामा.

१४ जुलै

पिना. आठ-दहा फॉर्मचे पातळ अंक मधोमध दोन तारेच्या पिना मारून शिवलेले असतात, आणि कोकणातून आलेल्या अंकांत त्या पिना गंजून कागदात भोक पाडतात. गंजलेली पिन ओढायची नाही. अंक मधोमध उघडायचा, पिनेच्या पायाखाली पॉलिएस्टर फिल्मची पट्टी सरकवायची, पातळ स्टीलच्या स्पॅट्युलानं पाय सरळ करायचे, मग पाठीकडून पिन हळूच उचलायची. भुगा झालेली असेल तर तुकड्या-तुकड्यानं. नंतर त्याच भोकांतून सुती दोऱ्याचा टाका, नवीन भोक पाडायचं नाही. सुट्या झालेल्या पिना छोट्या पाकिटात घालून अंकाच्या नंबरनं वेगळ्या ठेवल्या, कारण छापखान्याची तार कुठल्या जाडीची होती हेही कुणाला तरी कधीतरी हवं असेल.

लायब्ररीनं बाइंड केलेल्या पुस्तकांचं वेगळं. चार-पाच रहस्यकथा एकत्र, जाड पुठ्ठा, पाठीला कापड, आत सरस नाहीतर खळ, आणि खळीला किडा लागू नये म्हणून बाइंडर लोक मोरचूद घालायचे. किडा त्यानं लागत नाही हे खरं, पण मोरचुदातलं तांबं कागदाच्या ऱ्हासाला वेग देतं, कण्याजवळची पानं जास्त तपकिरी दिसतात ती त्यामुळेही असतील. तरी बाइंडिंग मोडायचं नाही असं ठरवलं. कुठल्या पाच गोष्टी एकत्र बांधल्या हा त्या लायब्ररीवाल्याचा निर्णय होता, त्याला आपले वाचक माहीत होते. एका खंडात चार काळापहाड आणि पाचवी भयकथा आहे, ती उगाच आलेली नाही.

२१ जुलै

दुरुस्ती. फाटलेल्या पानांना जपानी कोझो टिश्यू (झाडाच्या सालीच्या तंतूंचा कागद), अगदी पातळ, आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. पण न्यूजप्रिंटवर ओली खळ लावली की पाणी पसरतं आणि त्याच्या कडेला तपकिरी रेघ उमटते, ती परत जात नाही. म्हणून टिश्यूवर आधी मिथाइल सेल्युलोज (ओलं केलं की चिकटणारं द्रव्य) लावून वाळवून ठेवलं, लागेल तेवढी पट्टी फाडून, ओलसर स्पंजावर क्षणभर टेकवून मग लावायची. पट्टी कात्रीनं कापायची नाही, फाडायची, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि जोडाला धार येत नाही.

आम्ल घालवायला पान धुणं, चुन्याच्या निवळीत किंवा मॅग्नेशियम बायकार्बोनेटमध्ये बुडवणं हे पुस्तकात वाचायला सोपं आहे. इथे ते बाद, कारण जांभळ्या शिक्क्याची शाई पाण्यात विरघळते. सुटून पडलेल्या शिक्क्याच्या तुकड्यावर ओला बोळा टेकवून बघितला, जांभळा डाग लगेच बोळ्यावर. पान वाचवून शिक्का घालवायचा हा सौदा मला मान्य नाही. पाणी न वापरता मॅग्नेशियम ऑक्साइडचा फवारा देण्याची पद्धत आहे पण ती घरगुती खर्चात बसत नाही. त्याऐवजी कॅल्शियम कार्बोनेट घातलेल्या आम्लविरहित कागदाची पाकिटं, कव्हर आणि पहिल्या पानाच्या मध्ये तशाच कागदाची एक शीट, आणि थंड कोरडी जागा. ऱ्हास थांबत नाही, पण खूप मंद होतो.

एका ओळखीच्या संग्राहकांनी सल्ला दिला की सगळी कव्हरं लॅमिनेट करून टाक, ती आयुष्यभर टिकतील. नाही करणार. गरम प्लास्टिक एकदा चिकटलं की ते काढता येत नाही, आणि आत आम्ल तसंच कोंडून राहतं. पॉलिएस्टरचा मोकळा स्लीव्ह पुरतो, हवं तेव्हा बाहेर काढता येतो.

सेलोटेप: जिथे गोंद वाहून पिवळा झालाय तिथे सध्या नुसती नोंद आणि फोटो. छपाईच्या शाईवर सॉल्व्हंट चालवायचं तर हात तयार हवा, त्यासाठी जाणकार गाठेन.

४ ऑगस्ट

कव्हरं वेगळी फोटो काढून नोंदवली. चित्रकार रघुवीर मुळगावकरांची (१९१८ ते १९७६) सही असलेली काही आहेत. एअरब्रशचं ते मऊ काम, चेहऱ्यावरचा उजेड, आणि स्वस्त ब्लॉक छपाईतही तो टिकलाय. मुळगावकर आणि दीनानाथ दलाल, दोघंही मूळ गोव्याचे, या दोघांनी मराठी घराघरांत चित्र पोचवलं, आणि त्यातलं बरंच चित्र रहस्यकथा आणि दिवाळी अंकांच्या कव्हरवरून पोचलं. तीन रंगांचे ब्लॉक किंचित हललेत तिथे भिंगातून बघितलं की पिवळा-लाल-निळा असे थर सुटे दिसतात. स्कॅन करताना हे "करेक्ट" करायचं नाही.

१८ ऑगस्ट

स्कॅनिंग. फ्लॅटबेडवर दाबायचं नाही, कणा मोडतो. वरून कॅमेरा, व्ही आकाराचा फोमचा पाळणा, पुस्तक ९० अंशापेक्षा जास्त उघडायचं नाही, बाजूला रंगपट्टी आणि मोजपट्टी. ४०० डीपीआयच्या आसपास, टीआयएफएफ मूळ प्रत, तिच्यावर काहीही प्रक्रिया नाही. पिवळेपणा काढायचा असेल तर वाचायच्या प्रतीत काढा. पान न पान, जाहिरातींसकट, कोऱ्या पानांसकट. कंदील, केसतेल, टॉनिक, हस्तरेषा, सायकल, पत्राने इंग्रजी शिका, या जाहिरातींतून तो वाचक समोर उभा राहतो, त्याच्या खिशात किती पैसे होते आणि त्याला काय व्हायचं होतं हे गोष्टीपेक्षा तिथे जास्त कळतं.

टेसरॅक्टचं (चित्रातली छापील अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) मराठी मॉडेल चालवून बघितलं. नव्या ऑफसेट पुस्तकांवर बरं चालतं, जुन्या खिळ्यांवर रफार आणि अर्धी अक्षरं तुटलेली असल्यामुळे खूप चुका. शोधण्यापुरतं ठीक, वाचण्यासाठी नाही.

१ सप्टेंबर

हे सगळं नेटवर टाक असं जो तो सांगतोय, म्हणून इथे स्पष्ट लिहिते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट. अर्नाळकर १९९६ ला गेले म्हणजे २०५६ संपेपर्यंत. शिरवळकर २००३, गुरुनाथ नाईक २०२१. या लेखकांनी आयुष्यभर लिहून कमावलं, त्यांच्या वारसांचा हक्क आहे, आणि काही पुस्तकं पुन्हा छापलीही जातायत, ती विकत घ्यावीत. नाथमाधव १९२८ ला, हरिभाऊ आपटे १९१९ ला गेले, तसं जुनं साहित्य खुलं आहे, तिथे खुशाल टाका. मासिकाचा अंक म्हणजे तर एकेका कथेचा वेगळा लेखक, वेगळी तारीख.

पण कायद्यात एक उपयोगाची गोष्ट आहे. बिगरव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवायला मुभा आहे. म्हणजे पुस्तकं आणि स्कॅन यांची ताटातूट करायची नाही, दोन्ही एकत्र ग्रंथालयाकडे जायला हवं, आणि अभ्यासकानं तिथे जाऊन बघावं. माझ्या घरात हे कायम राहणं बरोबर नाही, माझ्यानंतर पुन्हा पोत्यातच जाईल.

२० ऑक्टोबर

दिवाळीच्या साफसफाईत लोक रद्दी काढतात म्हणून गेले पंधरा-वीस दिवस रद्दीवाल्यांकडे रोजची फेरी. मासिक मनोरंजननं १९०९ ला दिवाळी अंक काढला तेव्हापासूनचा ढीग कुठे ना कुठे असणारच. धनंजय (अर्नाळकरांचा नायक नव्हे, त्या नावाचा दिवाळी अंक) याचे जुने अंक मिळाले, एकाच्या आत वाचकानं प्रत्येक कथेला मार्क दिलेत, दहापैकी, आणि एका कथेसमोर लिहिलंय "खुनी पान ३० वरच ओळखला". तसंच स्कॅन केलं.

ज्या ग्रंथालयाशी बोलणं चालू होतं तिथल्या बाईंनी येऊन सगळं बघितलं. त्यांची पहिली अट होती की शिक्का मारणार नाही, दाखल नंबर पाकिटावर पेन्सिलनं. मला हेच हवं होतं. त्यांनी विचारलं की कव्हर नसलेलं पोतं पण देणार का, तर हो, तेही, कारण त्यात आण्यांमधल्या किमती सगळ्यात जास्त आहेत. डबे नंबरनिशी तयार आहेत, शीटची छापील प्रत प्रत्येक डब्यात घातली. मोरचूदवाल्या बाइंडिंगचे खंड वेगळ्या डब्यात, बाहेर तशी चिठ्ठी.

राहिलेलं: सेलोटेपवाली कव्हरं जाणकाराकडे न्यायची, धनंजयचे अंक फ्रीझरमधून निघायचेत, आणि सांगलीच्या एका वाचनालयाकडून निरोप आलाय की माळ्यावर दोन ट्रंका आहेत, उघडलेल्या नाहीत. झिपबॅगा जास्त मागवल्यात.